एकच बोंडअळी, पाच बैठका : सादरीकरण समोरच्यांच्या मापाने कसं बेतावं

शेती-विस्ताराच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक तयार फाइल मिळते. साठ-सत्तर स्लाइड, वर ठळक अक्षरांत 'कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन'. ती पेन ड्राइव्हवर घेऊन तो सोमवारी खान्देशातल्या पारोळ्याकडच्या गावात जातो, बुधवारी जिनिंगवाल्यांपुढे (कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या कारखानदारांपुढे) उघडतो आणि शुक्रवारी जिल्ह्याच्या बैठकीतही तीच लावतो. गावात लोक विसाव्या स्लाइडला उठतात, जिनिंगमध्ये शेठ फोनवर बोलत बसतात, बैठकीत साहेब म्हणतात, "मुद्द्यावर या." फाइलीतली माहिती बरोबरच असते. पण शिंप्याने माप न घेता शिवलेल्या सदऱ्यासारखी ती कुणाच्याच अंगाला बसत नाही.

माप कसं घ्यायचं आणि कुठे किती कापायचं, ते याच एका विषयावर दाखवतो. तुमचा विषय केळीचं ठिबक असेल, पीकविमा असेल किंवा बचत गटाचं कर्ज असेल, तरी पायऱ्या याच.

पायरी पहिली : आधी फोन, मग फाइल

कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी गावातल्या दोघांशी बोला. एक सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) आणि दुसरा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. दुकानदाराला कमी लेखू नका. कोणी कोणतं बियाणं नेलं, कोण काय फवारतो आणि कुणाची उधारी थकली, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

विचारायचं ते एवढंच. कपाशी बागायती जास्त की कोरडवाहू? लागवड मे महिन्यात झाली की पाऊस पडल्यावर? मागच्या वर्षी शेवटची वेचणी कधी झाली, फरदड (वेचणीनंतर न काढता पुन्हा पाणी देऊन ठेवलेली कपाशी) किती जणांनी ठेवली? शेतीची वीज या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची? घरात बोलतात ती भाषा कोणती? बाजाराचा दिवस कोणता?

विजेचा प्रश्न नवख्यांना उगीचच वाटतो. पण रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात माणूस पहाटेपर्यंत पाणी भरून आलेला असतो. त्याला सकाळी नऊला बसवलं तर तो झोपणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. अशा आठवड्यात कार्यक्रम संध्याकाळी पाचला घ्या. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास आणि श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणात तारीखच धरू नका. बाहेरगावी गेलेली माणसं घरी आलेली असतात, कुणाचं लक्ष नसतं. ऑक्टोबरपासून वेचणीच्या दिवसांतली सकाळही सोडून द्या.

जागा कोणाची, हेही फोनवरच विचारून घ्या. एखाद्या पुढाऱ्याच्या ओसरीवर बैठक ठेवली की दुसऱ्या गटाचा एकही माणूस येत नाही. मारुतीचा पार, शाळेची खोली, विकास सोसायटीचं कार्यालय, यांतलं काहीही चालेल.

पायरी दुसरी : उद्या सकाळी त्यांच्या हातात काय आहे?

फाइल उघडण्याआधी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा : 'ही माणसं उद्या सकाळी ______ करू शकतात.' रिकाम्या जागेत जे येईल तेच तुमचं सादरीकरण, बाकीचं बाजूला ठेवा.

शेतकरी कामगंध सापळा (मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) लावू शकतो, डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली, कळीसारखी दिसणारी फुलं) तोडून नष्ट करू शकतो, कपाशी डिसेंबरअखेर काढून टाकू शकतो. वेचणारी बाई किडका कापूस वेगळा ठेवू शकते. जिनिंगवाला आवारातली सरकी आणि कचरा आवरू शकतो. अधिकारी निधी देऊ शकतो, पत्र काढू शकतो. विद्यार्थ्याच्या हातात यातलं काहीच नाही. त्याला 'का' समजून घ्यायचं आहे. म्हणून अळीच्या जीवनचक्राची सविस्तर आकृती त्याच्यापुढेच शोभते. पारावर तिची दोनच वाक्यं पुरतात.

या वाक्यात महिनाही धरा. जूनमध्ये लागवड आणि सापळ्याच्या तयारीबद्दल बोलता येतं. नोव्हेंबरात त्याच शेतकऱ्याला लागवडीची तारीख सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तेव्हा फरदडीबद्दल बोला. जानेवारीत विषय एकच, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांतल्या वाळक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच निघते.

पारावर

इथे पडदा नसला तरी चालतं, बोंडं मात्र हवीतच. त्याच गावच्या वावरातून त्याच सकाळी तोडलेली वीस हिरवी बोंडं न्या. साधारण पंधरा-वीस दिवसांची, दाबली तर किंचित मऊ लागणारी. सगळी एकाच झाडाची नकोत, वावरात चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांवरून घ्या. सोबत एक धारदार चाकू, पांढरं ताट आणि भिंग.

सुरुवात प्रश्नाने करा. वीस बोंडं ताटात मांडा आणि पुढे बसलेल्या आप्पांना विचारा, "यातली किडकी कोणती?" बहुतेक वेळा सगळी निरोगीच वाटतात, कारण अळी बारीक असताना आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. मग एकेक बोंड उभं चिरा. इथे एक चूक हमखास होते. लोक गुलाबी अळी शोधतात. पण लहान अळी पांढुरकी असते, तिचं डोकं तेवढं तपकिरी. गुलाबी रंग नंतर चढतो. भिंग अशा वेळी फिरवायचं. एकदा ती पांढरी अळी स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की पुढची दहा मिनिटं लोक तुमची.

आता आकडा सांगा. '१० टक्के प्रादुर्भाव ही आर्थिक नुकसानीची पातळी' हे वाक्य पुस्तकात ठीक आहे. पारावर म्हणा, "वीस बोंडं चिरली, दोनात अळी निघाली, तर फवारणीची वेळ झाली." माणूस हे घरी जाऊन बायकोला सांगू शकतो. सापळ्याचंही तसंच. शिफारस हेक्टरी ५ सापळ्यांची आहे, पण हेक्टरात कुणी विचार करत नाही. एकराला दोन म्हणा. कुठे बिघ्याचा हिशोब चालत असेल तर त्या गावात बिघा किती गुंठ्यांचा धरतात ते आधी विचारून घ्या, अंदाजाने सांगू नका.

सापळा प्रत्यक्ष उभा करून दाखवा. लागवडीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास लावायचा, पिकाच्या शेंड्यापेक्षा एक ते दीड फूट वर. कपाशी वाढेल तसा तोही वर घ्यायचा. आतली गोळी, म्हणजे ल्युअर, गुलाबी बोंडअळीचीच आहे ना ते पाकिटावर वाचून घ्यायचं आणि पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदलायची. तंबाखू मळलेल्या हाताने ती गोळी धरायची नाही, हे सांगितलं की पारावर हशा पिकतो आणि लक्षातही राहतं. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर बोंडं चिरून बघायला लागायचं.

बागायती गावात सगळ्यात नाजूक मुद्दा मे महिन्यातल्या लागवडीचा. 'जूनआधी कपाशी लावू नका' असं पहिल्याच वाक्यात म्हटलंत तर ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते मनातून उठून गेले समजा. त्यांचं गणित चुकीचं नाही : लवकर कापूस, लवकर पैसा, रब्बीला रान मोकळं. ते गणित आधी तुम्हीच मांडा. मग विचारा, "आपल्या मेच्या कपाशीला पात्या-फुलं लागतात तेव्हा आजूबाजूला दुसरी कुठली कपाशी फुलात असते?" उत्तर तेच देतील : कुठलीच नाही. सुप्तावस्थेतून उठलेल्या पतंगांना अंडी घालायला पहिली जागा तिथेच मिळते आणि पुढच्या पिढ्या सगळ्या शिवारावर पसरतात. हे त्यांच्या तोंडून आलं तर वाद होत नाही. आलं नाही तर हट्ट धरू नका. निदान सापळा लवकर लावा, इथपर्यंत आणून सोडा.

वेळेचा हिशोब असा : बोलणं १२ मिनिटं, बोंडं चिरणं आणि सापळा १५, प्रश्न १५. सत्कार, शाल-श्रीफळ आणि सरपंचांचं मनोगत यांत वीस मिनिटं जातातच. म्हणून बोलण्याची ६ मिनिटांची आवृत्ती तयार ठेवा. कापायची वेळ आली तर बोलणं कापा, बोंडं नाही.

शेवटी "कळलं का?" विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "नाना, तुमच्या वावरात सापळा कोणत्या बांधाला लावणार?" असं विचारा. उत्तरात गोंधळ दिसला तर तेवढाच भाग पुन्हा सांगा.

वेचणाऱ्या बाया

बहुतेक सादरीकरणांत या येतच नाहीत, आणि आल्या तर मागे भिंतीला टेकून बसतात. खरं तर किडकं बोंड आणि कवडी (कीड लागून पिवळा, कडक पडलेला) कापूस सगळ्यात आधी त्यांच्याच बोटांना कळतो. त्यांची बैठक वेगळी घ्या, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आत, पाऊण तासाची नाही तर वीस मिनिटांची. एक मोठी बाई बोलती झाली की बाकीच्या बोलतात. तिला मावशी किंवा अक्का म्हणा, उगाच 'भगिनींनो' नको.

इथे आधी ऐका. कोणत्या वावरात कवडी जास्त निघते, कोणत्या वेचणीपासून वाढते, हे त्या बिनचूक सांगतात. मग एकच गोष्ट शिकवा, दोन झोळ्यांची : चांगला कापूस एकीत, किडका-पिवळा दुसरीत. ती दुसरी झोळी घरात महिनोन्‌महिने पडू द्यायची नाही. मजुरी वजनावर असते, त्यामुळे वेगळं वेचण्यात त्यांचा वेळ जातो आणि पैसे बुडतात. हा प्रश्न त्या विचारणारच. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, वावराच्या मालकाकडे आहे; म्हणून पारावरच्या बैठकीत ते त्याच्याकडून काढून घ्या.

जिनिंगमध्ये

इथे प्रोजेक्टर नेऊ नका. शेठच्या टेबलासमोर खुर्ची, हातात एक छापील पान, वेळ दहा मिनिटं. तीही सलग मिळणार नाहीत. मध्ये गाडी येईल, फोन येईल, वजनकाट्यावरून हाक येईल. म्हणून बोलण्याचे तीन तुकडे करा, प्रत्येक तुकडा स्वतंत्र उभा राहील असा. 'मघाशी सांगितल्याप्रमाणे' हे शब्द इथे चालत नाहीत.

भाषा उताऱ्याची. शंभर किलो कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, हे त्यांना पाठ आहे. तुम्ही एवढंच मांडा : शंभर क्विंटल कापसात उतारा ३५ ऐवजी ३४ पडला तर एक क्विंटल रुई गेली. गाठ १७० किलोची, म्हणजे अर्ध्या गाठीहून जास्त. पुढचं गणित ते मनातल्या मनात चालू भावाने करतात, तुम्ही भाव सांगायला जाऊ नका. कालचा भाव सांगितलात तर तेवढ्यावरच तुमची परीक्षा होईल.

मग मागणी. आवारात कामगंध सापळे, सरकीची लवकर विल्हेवाट, किडक्या कापसाचा आणि बोंडांचा कचरा उघड्यावर साठू न देणं. जिनिंगच्या आवारातून निघणारे पतंग आजूबाजूच्या वावरांत जातात, हे सांगताना दोष देण्याचा सूर लागू देऊ नका. पुढच्या वर्षी त्याच वावरांतून त्यांना माल हवा आहे, एवढं बोललं की पुरे.

साहेबांसमोर सात मिनिटं

कार्यक्रमपत्रिकेत पंधरा मिनिटं लिहिलेली असतात, मिळतात सात. चार स्लाइड करा आणि क्रम उलटा ठेवा. पहिल्या स्लाइडवर काय हवं ते : किती गावांत सापळे, किती रक्कम, कोणत्या तारखेआधी पत्र. दुसरीवर तालुकानिहाय तक्ता, तिसरीवर आज निर्णय झाला नाही तर कोणत्या आठवड्यापर्यंत उशीर होतो ते, चौथीवर कोणी काय करायचं.

तक्त्यात तालुक्यांचा क्रम कार्यालयाच्या नेहमीच्या अहवालात असतो तोच ठेवा. प्रत्येक अधिकारी आधी स्वतःचा तालुका शोधतो, तोपर्यंत तुमचं बोलणं त्याच्या कानावर जात नाही. तुमचा आकडा खात्याच्या आकड्याशी जुळत नसेल तर आदल्या दिवशी संबंधित अधिकाऱ्याला दाखवून घ्या. बैठकीत सगळ्यांदेखत फरक उघडा पडला तर चर्चा अळीवरून आकड्यावर जाते आणि तिथेच संपते. एक पानाची टिपणी छापून न्या. बैठकीनंतर फाइलला तीच लागते, स्लाइड नाही.

महाविद्यालयात

इथे ती साठ स्लाइडची फाइल उघडायला हरकत नाही, अर्धी गाळून. विद्यार्थ्यांना इतिहास द्या : भारतात बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या) कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने मोठं नुकसान केलं. मधल्या वर्षांत अळीने काय केलं असेल (बीटीला प्रतिकार कमावला), हे सांगण्याआधी त्यांच्याकडून तर्क करून घ्या. बीटी बियाण्यासोबत पूर्वी रेफ्युजीचं, म्हणजे बीटी नसलेल्या बियाण्याचं, वेगळं पाकीट मिळायचं; ते शेतकरी का लावत नसत, हा प्रश्न टाकला की तासाचा उरलेला वेळ कसा जातो कळत नाही.

भाषेचं माप

अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात अहिराणी, रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली, नवापूरकडे मावची, सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याला पावरी आणि भिली. सगळ्यांना मराठी कळते, हे अर्धंच खरं. तरुणांना कळते, म्हाताऱ्यांना आणि डोंगरातल्या बायांना कळेलच असं नाही.

अहिराणी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका. दर वाक्यात 'शे' घालणारा बाहेरचा माणूस लोकांना नकल्या वाटतो. समोरचा 'माले', 'तुमले' म्हणाला तर समजून घेता आलं पाहिजे, आणि साधी मराठी संथ बोलता आली पाहिजे. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांवर जाऊ नका. 'प्रादुर्भाव'ऐवजी अळी पडली, 'शेत'ऐवजी वावर, 'नियंत्रण'ऐवजी आटोक्यात आणणं. पावरी किंवा भिली भागात गावातलाच शिकलेला मुलगा किंवा आशाताई दुभाष्या म्हणून घ्या आणि वेळ दुप्पट धरा. त्यांना बोंडं आणि सापळा आदल्या दिवशी दाखवा. एका वेळी एकच वाक्य बोला आणि थांबा. चार वाक्यं एकदम बोललात तर भाषांतरात एकच उरतं.

पडदा, अक्षर आणि वीज

पडदा लावायचाच असेल तर हे बघून घ्या. शाळेच्या खोलीत दिवसा उजेड असतो. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं तिथे पुसट होतात, पांढऱ्यावर काळी ठेवा. मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको. मराठीत रफार, वेलांट्या आणि उकार ओळींमध्ये घुसतात, म्हणून ओळींतलं अंतर थोडं वाढवा. पडदा सहा फूट रुंद असेल तर शेवटची रांग पस्तीस फुटांच्या आत हवी.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की कचरा दिसतो. युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मोबाइलमध्ये ठेवा. चित्रं खान्देशातल्याच वावरांची घ्या. यंत्राने वेचणी चाललेल्या परदेशी कपाशीचं छायाचित्र दिसलं की मागून आवाज येतो, "हे आपल्याकडचं नाही," आणि पुढचं सगळं त्याच खात्यात जमा होतं.

वीज जाईल असं धरूनच निघा. सगळ्यात महत्त्वाच्या तीन स्लाइड फ्लेक्सवर, तीन बाय दोन फुटांच्या, छापून घ्या. पंधरा मीटरची वायर आणि तीन पिनांचं सॉकेट नसलेल्या जागेसाठी दोन पिनांचा जोड जवळ असू द्या.

उठण्याआधी

प्रत्येक बैठकीत आलेले प्रश्न, ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत, वहीत गाव आणि तारीख घालून लिहा. एकच प्रश्न तिसऱ्या गावात आला तर त्याचं उत्तर सादरीकरणात सुरुवातीलाच घ्या आणि त्या बदल्यात एक स्लाइड काढा.

आणि चिरलेली बोंडं पाराखाली टाकून येऊ नका. त्यातल्या अळ्या जिवंत असतात. साबणाच्या पाण्याची बादली सोबत ठेवा, बोंडं लोक बसलेले असतानाच तिच्यात बुडवा, आणि का ते सांगा.